जागा आणि ओळख : पडद्यावरील बदलत्या याद्या

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जी रांग लागते, तिच्यातील मनुष्याचा निर्देश दोन प्रकारे करता येतो. ‘रांगेतील तिसरा मनुष्य’ असे म्हणता येते, किंवा ‘अमुक क्रमांकाचा केसपेपर ज्याच्या हाती आहे तो मनुष्य’ असेही म्हणता येते. रांग हलत नाही तोवर या दोन बोलण्यांत काही भेद नाही. परंतु एखादा अत्यवस्थ रुग्ण आणला गेला आणि त्याला सर्वांच्या पुढे घेतले, की तिसरा मनुष्य चौथा होतो. केसपेपर मात्र ज्याचा त्याच्याच हाती राहतो. मनुष्याला ही गोष्ट इतकी उघड दिसते की ती बोलून दाखविण्याचेही कारण पडत नाही. हीच रांग संगणकाच्या पडद्यावर यादीच्या रूपाने दाखवावयाची ठरविली, म्हणजे मात्र जागा आणि ओळख यांतील हा साधा भेद यंत्राला मुद्दाम शिकवावा लागतो. आणि तो शिकविण्यात हयगय झाली तर एका रुग्णाचा रक्तदाब दुसऱ्याच्या नावासमोर जाऊन बसतो.

पडद्यावर आज आपण जे पाहतो त्यातील फार मोठा भाग यादीच्याच स्वरूपाचा असतो. येणाऱ्या गाड्या, ग्रंथालयातील पुस्तके, आलेले निरोप, परीक्षेचे गुण या साऱ्या याद्याच होत. छापील यादी आणि ही यादी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. छापील यादी एकदा छापली की संपली. पडद्यावरील यादी वाचकाच्या डोळ्यांदेखत बदलते. नवी ओळ वर येते, जुनी गळून पडते, क्रम उलटतो, एखाद्या ओळीतील मजकूर तेवढा पालटतो. अशा यादीला बदलती यादी म्हणता येईल. तिचे दृश्यांकन कसे होते, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

पानाचा वृक्ष

वर्ल्ड वाइड वेबची मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत मांडली. संशोधकांनी एकमेकांची टिपणे वाचावीत, हा तिचा हेतू होता. तेव्हाचे वेबपृष्ठ म्हणजे वाचावयाचा कागदच. तो दूरच्या संगणकावरून यावयाचा आणि जसा आला तसाच राहावयाचा. काही बदल हवा असल्यास सबंध पान पुन्हा मागविणे एवढाच उपाय होता.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, आणि आलेल्या पानात फेरफार करणे शक्य झाले. असा फेरफार कोणत्या रीतीने करावयाचा, याचे प्रमाणित नियम १९९८ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. त्यांनी वर्णिलेल्या रचनेला ‘डॉम’ असे संक्षिप्त नाव आहे. ब्राउझर पानाकडे मजकुराची लांबलचक पट्टी म्हणून पाहत नाही. त्याच्या लेखी पान हा एक वृक्ष असतो. सबंध पान हे खोड, त्यातील यादी ही एक फांदी, यादीतील प्रत्येक ओळ ही उपफांदी, आणि ओळीतील नाव, क्रमांक, लिहिण्याची चौकट ही तिची पाने. प्रोग्रॅममधून या वृक्षाची कोणतीही फांदी छाटता येते, नवी लावता येते, किंवा एका ठिकाणची उचलून दुसऱ्या ठिकाणी बसविता येते.

आरंभीच्या काळात हे सारे बागकाम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्वतःच्या हाताने करावे लागे. नवा रुग्ण आला की ‘पहिल्या ओळीच्या आधी एक ओळ घाल’ अशी आज्ञा. तपासणी होऊन कोणी गेला की ‘त्याची ओळ शोध आणि काढून टाक’ अशी दुसरी आज्ञा. आज्ञा थोड्या असतात तोवर हे निभते. परंतु दहा प्रकारचे बदल संभवत असतील, तर कोणता बदल कोणत्या बदलापाठोपाठ येईल याच्या जोड्याच शंभर होतात, आणि त्यांतील एक जरी ध्यानातून निसटली तरी पडदा एक सांगतो व नोंदवही दुसरेच.

ताळमेळ

यावर निघालेला उपाय असा : ‘कोणता बदल करावयाचा’ हे सांगणे सोडून द्यावे आणि ‘हाती असलेल्या माहितीवरून पडदा कसा दिसावयास हवा’ एवढेच सांगावे. माहिती बदलली की अपेक्षित चित्राचे वर्णन नव्याने करावे. जुन्या चित्रावरून नव्यावर कसे यावयाचे ही चिंता एका सर्वसाधारण आज्ञासंचावर सोपवावी. फेसबुक कंपनीत जॉर्डन वॉक यांनी रचलेला आणि मे २०१३ मध्ये सर्वांना खुला झालेला ‘रिॲक्ट’ हा आज्ञासंच या पद्धतीमुळे प्रसिद्धीस आला. पुढे आलेल्या व्ह्यू, स्वेल्ट इत्यादी संचांची कार्यरीती तपशिलात निराळी असली, तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याशी त्यांचा करार हाच आहे.

येथे एक शंका सहज उद्भवते. दर वेळी चित्र नव्यानेच वर्णावयाचे, तर जुना वृक्ष समूळ उपटून नवा लावला म्हणजे काम भागणार नाही काय? उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याला कारणे दोन. पहिले वेगाचे. बहुतेक पडदे सेकंदात ६० वेळा नवे चित्र दाखवितात. म्हणजे एका चित्राच्या तयारीस सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात, आणि मोठा वृक्ष पुन्हा उभारण्यास तेवढा अवधी पुरेलच असे नाही. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. वृक्षाच्या पानांत अशा काही गोष्टी साठलेल्या असतात की ज्यांचा माहितीत कोठेच उल्लेख नसतो : चौकटीत अर्धवट लिहिलेला मजकूर, लेखनाचा सरकता दर्शक, अर्ध्यावर आलेले चलच्चित्र, वाचक यादीत किती खाली आला आहे ते स्थान. या सर्वांना मिळून घटकाची आंतरिक स्थिती म्हणतात. झाड उपटले की ती नाहीशी होते. यास्तव जुने आणि नवे ही दोन चित्रे शेजारी ठेवून, त्यांत जेवढा फरक असेल तेवढाच प्रत्यक्ष वृक्षात करावा लागतो.

इंग्रजीत या क्रियेला जे नाव आहे, तेच हिशेबनिसाच्या धंद्यातही वापरले जाते. मराठीत त्यासाठी ‘ताळमेळ’ हा शब्द आयताच आहे. हिशेबनीस आपली रोकडवही आणि बँकेचा खातेउतारा समोरासमोर ठेवतो, जुळणाऱ्या रकमांवर खुणा करीत जातो आणि न जुळणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढतो. संगणकाचे काम याहून निराळे नाही. मात्र हिशेबनिसाजवळ धनादेशाचा क्रमांक असतो; तो नसता आणि केवळ ‘वरून तिसरी रक्कम’ एवढ्याच आधारावर ताळमेळ घालावा लागता, तर एक नोंद मध्ये घुसताच पुढचा सारा हिशेब चुकला असता.

‘वन’ आणि ‘पवन’

दोन मालिकांतील फरक शोधण्याचा प्रश्न वेबपेक्षा पुष्कळ जुना आहे. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली संदेशवहनातील चुकांचा अभ्यास करताना एका मालिकेचे दुसरीत रूपांतर करण्यास किमान किती फेरफार लागतात, ही कल्पना मांडली. अक्षर घालणे, अक्षर गाळणे आणि अक्षर बदलणे हे तीन फेरफार मान्य धरले, तर ‘वन’ या शब्दाचा ‘पवन’ करण्यास किती लागतील? अक्षरे जागच्या जागी ताडून पाहणारा म्हणेल : पहिल्या ‘व’चा ‘प’ करा, दुसऱ्या ‘न’चा ‘व’ करा, आणि शेवटी एक ‘न’ जोडा, एकूण तीन. ज्याला शब्द दिसतो तो म्हणेल : आरंभी ‘प’ लिहा, काम संपले. पुढे १९७४ मध्ये वॅग्नर आणि फिशर यांनी हा किमान आकडा कोष्टकाच्या साहाय्याने काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हंट व मॅकिलरॉय यांनी दोन मजकुरांतील फरक दाखविणाऱ्या ‘डिफ’ या प्रोग्रॅमची पद्धत वर्णिली, आणि १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी, फरक थोडे असता फार त्वरेने चालणारी रीत दिली.

मालिकेच्या जागी वृक्ष आला की मात्र प्रश्न अवघड होतो. फांदीला फांद्या असतात, आणि कोणती फांदी कोठे गेली याच्या शक्यता भराभर वाढत जातात. दोन वृक्षांतील नेमका किमान फरक काढण्याच्या सर्वसाधारण रीतींत जो श्रम पडतो, तो शाखांच्या संख्येच्या घनाप्रमाणे वाढतो असे ढोबळमानाने धरता येते. शाखा दुप्पट झाल्या की श्रम आठपट. शाखा १,००० असतील तर तुलनांची संख्या १०० कोटींच्या घरात जाते. सेकंदाच्या साठाव्या भागात हे होणे शक्य नाही.

म्हणून रिॲक्टच्या कर्त्यांनी नेमकेपणाचा हट्ट सोडला आणि दोन व्यवहारी गृहीतके पत्करली. पहिले असे की शाखेची जात बदलली, उदाहरणार्थ परिच्छेदाच्या जागी चित्र आले, तर आतील काही जुळते का हे पाहतच बसू नये; जुनी शाखा टाकावी आणि नवी उभारावी. दुसरे असे की एकाच फांदीवरील भावंडांपैकी कोण कोण आहे हे प्रोग्रॅम लिहिणारा खुणेने सांगेल. या गृहीतकांमुळे श्रम शाखांच्या संख्येच्याच प्रमाणात राहतो. १,००० शाखांना साधारण १,००० तुलना. शंभर कोटींवरून हजारावर येणे ही लहान कमाई नव्हे. परंतु तिच्यासाठी एक जबाबदारी यंत्राकडून मनुष्याकडे आली, आणि यादीच्या बाबतीत सारी मेख येथेच आहे.

मनुष्याने द्यावयाच्या या खुणेला इंग्रजीत ‘की’ म्हणतात. ‘किल्ली’ हा तिचा शब्दशः अर्थ येथे दिशाभूल करील. कुलूप उघडण्याशी तिचा काही संबंध नाही. ‘ओळखखूण’ हा शब्द तिच्या कार्याला अधिक जवळचा आहे.

ओळखखूण नसेल तर

रुग्णालयाच्या यादीकडे पुन्हा वळू. समजा, पडद्यावर गोविंद, यशोदा आणि रहीम अशा तीन ओळी आहेत. प्रत्येक ओळीत डावीकडे नाव आणि उजवीकडे रक्तदाब लिहिण्याची चौकट आहे. परिचारिकेने गोविंदाचा रक्तदाब मोजून त्याच्या चौकटीत १६०/१०० हे आकडे लिहिले आहेत. नोंद जतन करण्याची कळ अद्याप दाबलेली नाही. तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीवरून सखूचे नाव आले, आणि तिची प्रकृती पाहून तिला यादीत सर्वांत वर घातले गेले.

ओळींना ओळखखूण दिलेली नसेल, तर आज्ञासंच जागेवरून तुलना करतो. पहिल्या जागी पूर्वी ‘गोविंद’ होते, आता ‘सखू’ हवे. तो नाव पुसून नवे लिहितो. दुसऱ्या जागी ‘यशोदा’चे ‘गोविंद’ करतो, तिसऱ्या जागी ‘रहीम’चे ‘यशोदा’ करतो, आणि शेवटी चौथी ओळ नव्याने उभारून तीत ‘रहीम’ लिहितो. हे ‘वन’चे ‘पवन’ करण्याच्या पहिल्या रीतीसारखेच झाले. एका नव्या ओळीसाठी तीन ओळी खोडून लिहाव्या लागल्या, हा तोटा क्षुल्लक आहे. खरा घात निराळाच आहे. चौकटीतील आकडे माहितीतून आलेले नाहीत. ते परिचारिकेने टंकलेले आहेत, म्हणून आज्ञासंच त्यांना हात लावीत नाही. पहिली ओळ ही त्याच्या लेखी तीच जुनी पहिली ओळ आहे, केवळ तिच्यावरील नाव बदलले. परिणामी १६०/१०० हे आकडे पहिल्याच ओळीत राहतात आणि सखूच्या नावासमोर दिसू लागतात. गोविंदासमोर यशोदेची कोरी चौकट येते.

हा दोष फसवा आहे. नावे अचूक आहेत, क्रम अचूक आहे, ओळींची संख्या अचूक आहे, कोणतीही त्रुटी पडद्यावर उमटत नाही. यादी बदलली नाही तोवर तो प्रकटही होत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम तयार करणाऱ्याच्या मेजावर, जेथे दोन-तीन नमुन्याच्या ओळी स्वस्थ पडून असतात, तेथे तो कधीच दिसत नाही. गर्दीच्या दिवशी, यादी भराभर हलत असतानाच तो उगवतो, आणि परिचारिकेने कळ दाबली की चुकीचा आकडा चुकीच्या केसपेपरात कायमचा नोंदला जातो.

चौकटीत पडणारे प्रत्येक अक्षर तत्काळ माहितीत उतरवून, तेथूनच ते पुन्हा दाखविण्याची एक पद्धत आहे, आणि रिॲक्ट वापरणाऱ्यांत ती बरीच रूढ आहे. तिने हे संकट टळेल असे वाटते. ते अर्धेच टळते. आकडे गोविंदाच्या माहितीशी बांधले असतील तर ते त्याच्याबरोबर दुसऱ्या ओळीत उतरतात, हे खरे. परंतु लेखनाचा दर्शक पहिल्या ओळीच्या चौकटीतच लुकलुकत राहतो. परिचारिका कागदावर नजर ठेवून टंकीत असेल, तर अर्धा आकडा गोविंदाचा आणि उरलेला सखूचा, अशी वाटणी होते.

आता प्रत्येक ओळीला केसपेपरचा क्रमांक ओळखखूण म्हणून द्यावा. आज्ञासंच नव्या चित्रातील पहिली ओळ घेतो, तिची खूण जुन्या ओळींत शोधतो, आणि ती सापडत नाही असे पाहून नवी ओळ उभारतो. पुढच्या तिन्ही खुणा जुन्या ओळींत सापडतात. त्या ओळी आपल्या चौकटींसह, आकड्यांसह आणि दर्शकासह जशाच्या तशा एकेक पायरी खाली सरकतात. एक ओळ घातली गेली, इतर कशालाही धक्का लागला नाही.

येथे कोणी असे विचारील की ओळींचा मजकूर ताडून यंत्राने ओळख स्वतःच का पटवू नये? ‘डिफ’ हा प्रोग्रॅम तेच करतो, आणि दोन मजकुरांच्या तुलनेसाठी ते योग्यही आहे. परंतु यादीतील ओळीचा मजकूरच पालटत असतो. ‘प्रतीक्षेत’ होता तो रुग्ण ‘तपासणी चालू’ होतो. नावातील शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली जाते. मजकूर बदलला म्हणून मनुष्य बदलत नाही. उलट, दोन निराळ्या रुग्णांच्या ओळी अक्षरशः सारख्या असू शकतात. जागा ही ओळख नव्हे आणि रूप हीदेखील ओळख नव्हे. ओळख माहितीच्या मुळाशी असते, आणि माहिती जेथे जन्मते तेथूनच ती आणावी लागते.

खूण कशी निवडावी

खुणेच्या अंगी दोन गुण असले म्हणजे पुरे. ती भावंडांत एकमेव असावी आणि ती टिकाऊ असावी. सबंध पानात तिचे एकमेवत्व आवश्यक नाही; एका वर्गातील हजेरीक्रमांक दुसऱ्या वर्गातही असतात, त्याने कोणाचा गोंधळ होत नाही.

नावाची खूण करणे मोहाचे असते, पण एका गावात एकाच नावाचे दोघे निघणे ही नित्याची गोष्ट आहे. खुणा दुहेरी झाल्या की एखादी ओळ दोनदा दिसते किंवा मुळीच दिसत नाही. यादीतील अनुक्रमांकाची खूण करणे म्हणजे खूण न करण्यासारखेच आहे. वर वर्णिलेला सारा घोटाळा तीतही घडतो. आणि तरीही पुष्कळ प्रोग्रॅमांत ती आढळते. त्याचे कारण असे की खूण नसल्यास रिॲक्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला इशारा देतो. अनुक्रमांक लिहून टाकला की इशारा थांबतो, दोष मात्र कायम राहतो. घरात धुराची घंटा वाजली म्हणून तिची तार कापावी, त्यातलाच हा प्रकार. जी यादी कधीच हलत नाही, उदाहरणार्थ आठवड्यातील वारांची, तिला अनुक्रमांक चालेल, पण तेवढ्यापुरताच.

तिसरा मार्ग दर वेळी यादृच्छिक आकडा काढण्याचा. तो एकमेव असतो खरा, परंतु पुढच्या चित्राच्या वेळी नवा निघतो. मग एकही जुनी ओळ ओळखली जात नाही. सगळ्या मोडून पुन्हा उभारल्या जातात, आणि परिचारिकेचे आकडे तिच्या डोळ्यांदेखत पुसले जातात. असा आकडा ओळीच्या जन्माच्या वेळी एकदाच काढून माहितीतच जपून ठेवला, तर त्याला काही हरकत नाही. किंबहुना ज्या ओळीची नोंद अद्याप मुख्य नोंदवहीत झालेली नाही, तिला दुसरी खूण आणणार कोठून? मात्र नंतर नोंदवहीकडून पक्का क्रमांक आला म्हणून चालू ओळीची खूण बदलण्याची घाई करू नये. खूण बदलली की आज्ञासंचाच्या लेखी जुनी ओळ गेली आणि नवी आली.

केसपेपरचा क्रमांकही सर्वकाळ निर्दोष असेल असे नाही. एकच रुग्ण सकाळी अस्थिरोग आणि नेत्ररोग अशा दोन विभागांच्या रांगेत असेल, आणि यादी दोन्ही विभागांची मिळून असेल, तर तो क्रमांक दोन ओळींवर येईल. तेव्हा यादीतील ओळ म्हणजे रुग्ण की रुग्णाची भेट, हे आधी ठरविले पाहिजे. ओळ ही भेट असेल तर क्रमांकाला विभागाचे नाव जोडून खूण करावी. हा निर्णय यंत्र करू शकत नाही. तो यादीचा अर्थ जाणणाऱ्यानेच करावयाचा असतो, आणि ज्यांना प्रोग्रॅमरचे काम केवळ आज्ञा लिहिण्याचे वाटते त्यांनी या ठिकाणी थोडे थांबावे.

खूण बदलल्याने घटक नवा होतो, या गोष्टीचा उपयोग मुद्दामही करून घेतात. यादीच्या शेजारी निवडलेल्या रुग्णाचा सविस्तर अर्ज दाखविला असेल, तर रुग्ण बदलताच आधीच्याचे अर्धवट लिहिलेले शेरे अर्जात राहू नयेत. त्या अर्जालाच केसपेपरचा क्रमांक खूण म्हणून दिला, की रुग्णागणिक कोरा अर्ज उभा राहतो. यादीत जी खूण स्मृती राखण्यासाठी दिली जाते, तीच येथे स्मृती पुसण्याच्या कामी येते.

क्रम बदलतो तेव्हा

ओळी ओळखल्या, तरी त्या हलवावयाच्या कशा हा प्रश्न उरतो. पाच ओळींतील शेवटची उचलून वर आणली, तर नव्या क्रमात जुने क्रमांक ५, १, २, ३, ४ असे दिसतात. रिॲक्टची रीत सरळ आहे. ती वरून खाली जाते, आतापर्यंत जागच्या जागी ठेवलेल्या ओळींतील सर्वांत मोठा जुना क्रमांक ध्यानात ठेवते, आणि त्याहून लहान क्रमांकाची ओळ दिसली की ती हलविते. प्रस्तुत उदाहरणात ५ प्रथमच येतो. मग १, २, ३, ४ या चारही ओळी हलवाव्या लागतात. वस्तुतः एकट्या पाचव्या ओळीला हलविले असते तरी भागले असते.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीत याहून काटकसरीची रीत आहे. क्रमांकांच्या मालिकेतून चढत्या क्रमाची सर्वांत लांब उपमालिका निवडावी. तीतील ओळी मुळीच हलवू नयेत, उरलेल्या तेवढ्या हलवाव्यात. ही उपमालिका किती लांबीची असेल, हे काढण्याची सुंदर युक्ती क्रेग शेन्स्टेड यांच्या १९६१ सालच्या गणितविषयक निबंधापर्यंत मागे जाते, आणि ती पत्त्यांनी करून पाहता येते. क्रम ३, १, ४, २, ५ असा समजा. पत्ते एकेक घेऊन ढीग लावावेत. ज्या ढिगाचा वरचा पत्ता हातातील पत्त्याहून मोठा असेल अशा सर्वांत डावीकडच्या ढिगावर तो ठेवावा, तसा ढीग नसल्यास उजवीकडे नवा ढीग मांडावा. ३ चा एक ढीग; १ त्याच्यावर; ४ साठी नवा ढीग; २ चारवर; ५ साठी तिसरा ढीग. ढीग तीन झाले, म्हणून सर्वांत लांब चढती उपमालिका तीन पत्त्यांची, उदाहरणार्थ १, ४, ५. तीन ओळी स्थिर राहतील, दोन हलतील. वर्गात पत्त्यांऐवजी क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या घेतल्या तरी चालते.

शेन्स्टेड यांनी हा निबंध लिहिला त्या काळी पडद्यावर हलणाऱ्या याद्या कोणाच्या ध्यानीमनीही नव्हत्या.

फार लांब यादी

यादी दहा हजार ओळींची असेल तर उत्तम खुणाही पुरत नाहीत, कारण दहा हजार फांद्या उभारण्याचाच भार असह्य होतो. पडद्यावर एका वेळी वीसएक ओळी मावतात. म्हणून तेवढ्याच, आणि वरखाली थोड्या अधिक, उभारतात. उरलेल्या ओळींच्या एकूण उंचीइतकी जागा कोरी सोडतात, म्हणजे बाजूचा सरकपट्टा सबंध यादी असल्याप्रमाणे वागतो. वाचक खाली सरकला की वरच्या ओळी काढून घेतात आणि खालच्या घालतात. मोबाइल फोनवर याच्याही पुढची पायरी गाठलेली आहे. आयफोनवरील प्रोग्रॅमांत २००८ पासून आणि अँड्रॉइडच्या ‘रिसायकलरव्ह्यू’ या घटकात २०१४ पासून, वर गेलेली ओळच धुऊनपुसून खाली पुन्हा वापरतात. अशा ओळीला जागाही स्वतःची नाही आणि ओळखही स्वतःची नाही. तिला दर वेळी दोन्ही नव्याने द्यावी लागतात. त्यांतून एक परिचित दोष उद्भवतो. एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र दुरून मागविलेले असते. ते येईपर्यंत वाचक खाली सरकतो, ती ओळ दुसऱ्या व्यक्तीला दिली जाते, आणि उशिरा आलेले छायाचित्र तिच्याच नावाशेजारी चिकटते. यावर उपाय एकच, तो म्हणजे चित्र लावण्याच्या क्षणी ओळीची सध्याची खूण पुन्हा तपासून पाहणे.

याद्यांच्या या काटकसरीचा भुर्दंड अंध वाचकांना बसू शकतो. त्यांच्यासाठी पडदा वाचून दाखविणारे प्रोग्रॅम वृक्षाचाच आधार घेतात. वृक्षात वीस फांद्या असतील तर ते ‘वीस नोंदींची यादी’ असे सांगतात, आणि उरलेल्या नऊ हजार नऊशे ऐंशी नोंदी ऐकणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. यासाठी सुलभतेच्या ‘एरिया’ या प्रमाणित नियमांत, जे २०१४ च्या मार्चमध्ये अधिकृत झाले, दोन गुणधर्म दिलेले आहेत. त्यांपैकी एकात यादीतील एकूण नोंदींची संख्या लिहितात आणि दुसऱ्यात या ओळीचे सबंध यादीतील स्थान. ते दोन्ही ओळीवर लिहिले, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘दहा हजारांपैकी चारशे बारावी नोंद’ असे ऐकू येते, आणि आपण यादीत नेमके कोठे आहोत हे त्याला कळते.